एफ वाजंना? आधी गिटार बघा, मग बोटांना बोला

जुलै लागला की गिटार शिकणाऱ्या पोरांची एकच तक्रार कानावर यायला लागते: "दादा, एफ कॉर्ड वाजंना झालीय." उन्हाळ्याच्या सुट्टीत जी, डी, ई मायनर, सी या कॉर्ड बसलेल्या असतात. त्यांच्यावर चालणारी दोन-तीन गाणी हाताखाली आलेली असतात. गणपतीच्या कार्यक्रमात काय वाजवायचं तेही ठरलेलं असतं. आणि नेमकी त्या गाण्याच्या अंतऱ्यात एफ येते, तिथे सहापैकी तीन तारा मुक्या, एक भुणभुणते, आणि गाणारा पुढे निघून जातो. काही जणांचं तर म्हणणं असतं की मे महिन्यात ही कॉर्ड बऱ्यापैकी लागत होती, आता लागत नाही. त्यांचं म्हणणं खरं असतं, हे मात्र त्यांना कुणी सांगत नाही.

पुढचा डायलॉग ठरलेला: "माझी बोटंच आखूड हायेत." बोटं आखूड असल्याने एफ अडत नाही. नीट लावलेल्या गिटारवर सहावी-सातवीतली मुलं ती वाजवतात. शिकाऊ माणसाच्या हातातली गिटार बहुतेक वेळा ऑनलाइन मागवलेली असते, खोक्यातून निघाल्यापासून तिला कुणी हत्यार लावलेलं नसतं, आणि पहिल्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) तिच्या तारा दाबायला पहिलवान लागतो. म्हणून आधी दोष गिटारचा की हाताचा, याचा निकाल लावा. त्याला पाच मिनिटं पुरतात.

एफची पूर्ण बार कॉर्ड, म्हणजे एक बोट आडवं टाकून दाबायची कॉर्ड, अशी (तारा बारीक बाजूने मोजायच्या, सगळ्यात बारीक ती पहिली): पहिल्या फ्रेटवर तर्जनी आडवी, तिसऱ्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला मधलं बोट, पाचव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला अनामिका, चौथ्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला करंगळी. जाड तारेकडून बारीक तारेकडे आकड्यांत लिहिली तर १-३-३-२-१-१. आता हाच आकार जसाच्या तसा उचलून पाचव्या फ्रेटवर न्या. तिथे तो ए मेजर होतो. सहाही तारा एकेक करून छेडा. पाचव्यावर कॉर्ड खणखणीत आणि पहिल्यावर मेलेली असेल, तर तुमच्या हातात खोट नाही. पाचव्या फ्रेटला थोडं सोपं जाणं स्वाभाविकच आहे, पण फरक थोडा नसून जमीन-अस्मानाचा असेल तर नट उंच आहे. नट म्हणजे नेकच्या, म्हणजे दांडीच्या, टोकाला, खुंट्यांच्या अलीकडे जी पांढरी पट्टी असते आणि जिच्या खाचांतून तारा जातात, ती. तिच्या खाचा उथळ राहिल्या की तारा पहिल्या फ्रेटपासून लांब राहतात आणि एफला सगळ्यात जास्त त्रास होतो, कारण ती नटला अगदी चिकटून आहे.

खात्री करायची असेल तर एक तार तिसऱ्या फ्रेटला दाबून धरा आणि पहिल्या फ्रेटवर ती किती वर आहे ते उजेडाच्या दिशेने बघा. फट जेमतेम दिसावी, कागदाएवढी. तिथे तारेवर बोटाने हलकेच टिचकी मारली तर बारीकसा 'टिक' असा आवाज यायला हवा. फट डोळ्यात भरण्याएवढी असेल तर नट उंच. फट अजिबातच नसेल आणि तार फ्रेटवर लोळत असेल तर खाच गरजेपेक्षा खोल गेली आहे. मग मोकळी तार छेडली तरी ती भुणभुणते. सहाही तारांवर वेगवेगळं बघा. एकाच गिटारवर जाड तारांच्या खाचा ठीक आणि बारीक तारांच्या उथळ, असं सर्रास आढळतं.

नट कानसायला बारीक, तारेच्या जाडीच्या कानशी लागतात. त्या कुणाच्या घरी नसतात आणि हॅक्सॉचं पातं हा त्यावरचा इलाज नाही. एकदा खाच खोल गेली की परत भरावी लागते. फेविक्विक आणि खाण्याचा सोडा घालून ती भरतात खरी, पण ती तात्पुरती मलमपट्टी. कारागीर मिळेपर्यंतचा बिनखर्चाचा उपाय असा: सगळ्या तारा अर्धा सूर खाली उतरवा आणि पहिल्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, लावा. आता कॅपोच नट झाला, आणि तो फ्रेटला घट्ट बसलेला असल्याने तारा खाली आल्या. सूर मूळचेच, कॉर्डचे आकार मूळचेच, फक्त सगळं एक फ्रेट पुढे सरकलं. या अवस्थेत एफ पटकन लागली तर रोगाचं निदानही झालं आणि औषधही मिळालं. असाच महिनाभर रियाज केला तरी काही बिघडत नाही.

आता मे महिन्यात लागणारी एफ जुलैत का लागत नाही, ते. हा आपल्याकडचा खास घोळ आहे. एप्रिल-मेमध्ये परभणी, नांदेडला पारा ४० च्या वर आणि हवा कोरडी ठणठणीत. लाकूड सुकतं, आकसतं. ॲकॉस्टिक गिटारची पुढची फळी थोडी खाली बसते, तिच्याबरोबर तारा जिथे अडकवलेल्या असतात तो ब्रिज खाली येतो आणि तारा फ्रेटबोर्डाजवळ येतात. म्हणून उन्हाळ्यात दाबायला गिटार हलकी वाटते, पण जोरात छेडली की भुणभुणते. नेकच्या कडेवरून हात फिरवला तर फ्रेटची टोकं बोचतात, तेही याच कारणाने. लाकूड आकसलं, धातू होता तेवढाच राहिला. मग पाऊस लागतो. हवेतली ओल लाकूड पितं, फळी फुगते, ब्रिज वर उचलला जातो आणि तारा वर जातात. बाराव्या फ्रेटवर अर्धा मिलिमीटर फरक पडला तरी हाताला तो लगेच जाणवतो. आणि गणपती येतात भर पावसाळ्यात. म्हणजे ज्या आठवड्यांत एफची सगळ्यात जास्त गरज पडते, त्याच आठवड्यांत ती दाबायला सगळ्यात जड झालेली असते.

गिटारच्या लाकडाला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. ही काही एसी हॉलचीच चैन नाही. ओल मोजायचं छोटं डिजिटल यंत्र घड्याळाएवढं असतं, ते गिटारच्या कव्हरमध्ये टाकून ठेवा म्हणजे अंदाजपंचे काम राहत नाही. उन्हाळ्यात साबणाच्या डबीला भोकं पाडून आत पिळून घेतलेला स्पंज ठेवायचा आणि ती डबी कव्हरमध्ये, लाकडाला पाणी लागणार नाही अशी ठेवायची. पावसाळ्यात स्पंज काढून त्या जागी सिलिका जेलच्या पुड्या. यात सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे कूलर. रात्रभर कूलरच्या झोतात भिंतीला टांगलेली गिटार पाणी पिते, दुपारी लाइट गेली की त्याच खोलीत पापडासारखी वाळते. रोजचा हा झोका कोरड्या उन्हाळ्यापेक्षा वाईट. लातूर, संभाजीनगरला पत्र्याच्या खोल्यांत राहणाऱ्या पोरांनी गिटार पत्र्याच्या लगत, माळ्यावर ठेवू नये. खाली, आतल्या भिंतीला, कव्हरमध्ये बंद करून ठेवावी. आणि उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत तर ती कधीच सोडू नये. डिंक मऊ पडून ब्रिज उचकटलेल्या गिटारी मी पाहिल्या आहेत.

स्वस्त गिटारची फळी प्लायवूडची असते, ती भरीव फळीपेक्षा कमी हलते. पण नेक हलतोच, त्यामुळे "माझी साधीच आहे, तिला काय होतंय" असं म्हणून सुटका नाही.

नट ठीक निघाला तर पुढची मोजणी बाराव्या फ्रेटवर. फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंतचं अंतर घ्यायचं. कंपासपेटीतली प्लॅस्टिकची पट्टी इथे फसवते, कारण तिचा शून्य कडेपासून थोडा आत असतो. ज्या स्टीलच्या पट्टीचा शून्य अगदी कडेला असतो ती घ्या. जाड तारेखाली सुमारे २.४ ते २.८ मिलिमीटर आणि बारीक तारेखाली १.६ ते २ मिलिमीटर असेल तर शिकायला उत्तम. साडेतीन-चारपर्यंत गेलेली गिटार हाताला रडवणारच.

इथे लोक एक हमखास गडबड करतात. मोबाइलवर व्हिडिओ बघतात, ॲलन की आणतात आणि तारा खाली घ्यायला ट्रस रॉड पिळत सुटतात. ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आतली धातूची सळी, तारांची उंची लावायला नसतो, नेकचा बाक लावायला असतो. बाक बघायचा तर पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा, जाड तार चौदाव्या फ्रेटला दाबा आणि सातव्या फ्रेटवरची फट बघा. ०.२ ते ०.३ मिलिमीटर, म्हणजे व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी असावी. जास्त असेल तर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने पाव फेरा, फट नसेलच तर उलट पाव फेरा. मग पुन्हा सुरात लावायची, रात्रभर तशीच ठेवायची आणि सकाळी परत बघायचं. जोर लावावा लागला तर थांबा. काही अगदी स्वस्त गिटारींना फिरवता येणारा रॉडच नसतो, तिथे शोधत बसू नका.

बाक ठीक आणि उंची जास्त, तर काम सॅडलचं. ब्रिजवरच्या खाचेत बसवलेली ती पट्टी तारा सैल करून उपसून निघते. बाराव्या फ्रेटवर जेवढं खाली हवं, त्याच्या दुप्पट सॅडल कमी करावी लागते: अर्धा मिलिमीटर हवा असेल तर एक मिलिमीटर घासायचा. घासायचं नेहमी खालच्या बाजूने, काचेवर सँडपेपर चिकटवून, पेन्सिलची रेघ मारून, थोडं थोडं. गिटारला पिकअप (तारांचा आवाज स्पीकरला पोचवणारा भाग) असेल आणि तो सॅडलखाली असेल तर तळ शंभर टक्के सपाट लागतो, नाहीतर स्पीकरवर एखादी तार मोठी आणि एखादी बारीक ऐकू येते. तसलं काम जाणकाराकडेच द्या. आणि मूळ सॅडल फेकू नका. नवी प्लॅस्टिकची किंवा हाडाची घेऊन ती घासा. बुटकी पावसाळ्यात आणि मूळची उंच उन्हाळ्यात, अशा दोन सॅडल ठेवल्या की दर मोसमाला रडावं लागत नाही. आपल्या हवेत हा उपाय मला सगळ्यात व्यवहारी वाटतो.

तारांचा संचही बघून घ्या. बहुतेक ॲकॉस्टिकवर ०.०१२ इंचापासून सुरू होणारा संच असतो. ०.०१० चा घातला तर ताण बराच उतरतो. आवाज थोडा पातळ होतो, पण शिकाऊ हाताला चालतो.

एवढं सगळं करूनही पाचव्या फ्रेटलासुद्धा कॉर्ड मेलेली असेल तर मग हाताकडे वळू. एकदम सगळ्या तारा झणझण वाजवून काही कळत नाही. सहावीपासून पहिलीपर्यंत एकेक तार छेडा आणि कोणती मुकी आहे ते बघा. पहिली-दुसरी मुकी असेल तर तर्जनी सपाट पडलीये, तिची पेरांमधली घडी नेमकी तारेवर आलीये. बोट किंचित वर-खाली सरकवा आणि अंगठ्याकडच्या हाडाळ कडेवर थोडं कलतं करा. तिसरी मुकी असेल तर मधलं बोट फ्रेटपासून लांब आहे. चौथी मुकी म्हणजे करंगळी आळसावलीये किंवा शेजारची अनामिका तिला चिकटलीये. एक गोष्ट कळली की अर्धा जोर वाचतो: या आकारात तर्जनीला खरं तर सहावी, दुसरी आणि पहिली या तीनच तारा दाबायच्या आहेत. मधल्या तिघींची जबाबदारी बाकीच्या बोटांवर आहे. मग पूर्ण बोटाने गळा आवळल्यासारखं दाबायचं कारण उरत नाही.

अंगठा नेकच्या मागे मधोमध, साधारण मधल्या बोटाच्या समोर. कोपर अंगाजवळ. उजव्या हाताच्या कोपराखालच्या भागाने गिटारचं अंग पोटाकडे दाबून धरायचं आणि डाव्या हाताने नेक मागे ओढायचा, म्हणजे दाब हाताच्या वजनातून येतो, चिमटीतून नाही. अंगठ्याच्या बुडाशी कळ आली तर त्या दिवशी बार कॉर्ड बंद. बोटांच्या टोकांना होणारी आग वेगळी आणि ही कळ वेगळी.

आता खरी अडचण, जी गिटार दुरुस्त झाल्यावरही उरते. एफ एकटी वाजते, पण सीवरून येताना गाणं अडकतं. पोरं सगळी बोटं उचलतात, हवेत नवा आकार जुळवतात आणि मग तारांवर उतरतात. तोवर ताल निघून गेलेला असतो. सीमध्ये अनामिका कुठे असते बघा: पाचव्या तारेवर, तिसऱ्या फ्रेटला. एफमध्ये? तिथेच. मग ती उचलायचीच कशाला? अनामिका खिळ्यासारखी रोवून ठेवा. मधलं बोट चौथ्या तारेवरून तिसऱ्या तारेवर, त्याच दुसऱ्या फ्रेटला, शेजारी सरकलं. करंगळी अनामिकेच्या शेजारी चौथ्या तारेवर बसली. तर्जनी दुसऱ्या तारेवर होती, ती तिथूनच आडवी पडली. हे चार हालचालींचं काम आवाज न करता, उजवा हात बंद ठेवून, सावकाश करत बसा. मेट्रोनोमवर, म्हणजे ठोके देणाऱ्या यंत्रावर, मिनिटाला ६० ठोक्यांना, चार मात्रांना एक बदल. कंटाळवाणं आहे, पण याला पर्याय नाही.

दुसरं, मैफलीत वाजवणारे जे करतात आणि सांगत नाहीत: बदलाआधीची शेवटची अर्धी मात्रा ते मोकळ्या तारांवर छेडतात. बोटं तेव्हा प्रवासात असतात. वेगात ते कानाला खटकत नाही, उलट हात चालत राहतो. केरव्याच्या आठ मात्रांत ही जागा सहज मिळते. दादऱ्यात सहाच मात्रा, आणि मराठी भावगीतं, गवळणी, जुनी हिंदी गाणी यांत दादरा भरपूर. व्हिडिओवरून उचललेला चार-चारचा स्ट्रमिंग पॅटर्न त्यावर चढवला की कॉर्ड बरोबर असूनही गाणं लंगडतं, आणि दोष पुन्हा बिचाऱ्या एफला. दादऱ्याला एकवर जाड तार आणि दोन-तीनवर हलकं स्ट्रम, चारवर दुसरी जाड तार आणि पाच-सहावर हलकं, एवढंच ठेवा. तबल्याच्या 'धा धि ना, धा ती ना' वर तोंडाने म्हणत वाजवलं की लगेच बसतं.

कार्यक्रम तोंडावर आलाय आणि एवढा वेळ नाही, तर एफला वळसा घाला. सी, ए मायनर, एफ, जी अशा गाण्याला पाचव्या फ्रेटवर कॅपो लावून जी, ई मायनर, सी, डी वाजवा. पट्टी तीच राहते, बार कॉर्ड एकही नाही. कॅपो फ्रेटच्या अगदी मागे लावा आणि लावल्यावर सूर पुन्हा बघा, तो तारा जरा चढवतो. कॅपो नसेल तर बारीक चार तारांची छोटी एफ, म्हणजे चौथीपासून ३-२-१-१. काही गाण्यांत तर पहिली तार मोकळी सोडून ३-२-१-० ही एफ मेजर सेव्हन मूळ एफपेक्षा गोड लागते. यात लबाडी वगैरे काही नाही.

भजनी मंडळात किंवा गणपतीपुढे पेटीसोबत बसायची वेळ आली की पेटीवाले काका म्हणतात, "काळी दोनमध्ये घे रे लेकरा," आणि पोरगं माझ्याकडे बघतं. हिशोब सोपा आहे. पांढरी एक म्हणजे सी, काळी एक म्हणजे सी शार्प, पांढरी दोन डी, काळी दोन डी शार्प, पांढरी तीन ई, पांढरी चार एफ, काळी तीन एफ शार्प, पांढरी पाच जी, काळी चार जी शार्प, पांढरी सहा ए, काळी पाच ए शार्प, पांढरी सात बी. मग काळी दोनला पहिल्या फ्रेटवर कॅपो आणि डी, जी, ए. पांढरी चारला तिसऱ्या फ्रेटवर कॅपो आणि तेच तीन आकार. काळी चारला पहिल्यावर कॅपो आणि जी, सी, डी. आणि पेटी जुनी असेल तर ट्यूनर ॲप खिशातच राहू द्या. कित्येक पेट्या ॲपच्या ४४० हर्ट्झच्या हिशोबात नसतात, ॲपने लावलेली गिटार तिच्याशेजारी बेसूर लागते. काकांना पट्टी दाबून धरायला सांगा आणि तिच्यावरच तारा लावा.

कारागिराकडे जायचं झालं तर: पेटी-तबल्याची डागडुजी आपल्याकडे जागोजागी होते, मिरजेला पिढ्यान्‌पिढ्या सतार-तानपुरे घडतात, पण गिटारच्या नटला हात लावणारा माणूस विचारूनच शोधावा लागतो. त्याला "तारा खाली घ्या" एवढंच सांगू नका. पहिल्या फ्रेटवरची फट, बाराव्या फ्रेटचं माप आणि कोणत्या तारा जड जातात ते कागदावर लिहून न्या. पावसाळ्यात गेलात तर हेही सांगा की उन्हाळ्यात हीच गिटार भुणभुणते, म्हणजे तो शेवटचा अर्धा मिलिमीटर राखून ठेवेल.

बी मायनर अडते म्हणणाऱ्यांना वरचं निम्मंच लागू आहे. ती दुसऱ्या फ्रेटवर असल्याने नटचा जाच तिला कमी. तिथे तर्जनीला फक्त पाचवी आणि पहिली तार दाबायची असते, बाकीच्या तीन तारा दुसरी बोटं सांभाळतात. पहिली तारच मुकी राहत असेल तर तर्जनी थोडी खाली ओढा आणि सहावीला तिच्या टोकाने नुसता स्पर्श करून गप्प करा.